दुपारी न्हाऊ घालणारी

१

पहिलं इलेक्शन होऊन गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. हिंगणघाटहून बंडी जुंपून निघालं की ऊन तापायच्या आत पोचावं, एवढ्या अंतरावर वेणा नदीच्या काठी एक गाव होतं. तिथं मनकर्णा आणि तिचा नवरा ताराचंद भाजीपाल्याची वाडी करत. घर आणि वाडी दोन्ही मुळात मनकर्णाच्या आईची, शालूबाईची. नवरा गेल्यावर पोटी मुलगा नाही म्हणून शालूबाईनं लेक-जावयाला इथंच बोलावून घेतलं होतं. आता मनकर्णाचीही एकुलती मुलगी समुद्रपूरकडे दिलेली. घरात तिघंच.

शालूबाई एके काळी अशी चोख होती, की बाया तिच्या अंगणातून जाताना पाय उचलून चालत. चुलीत घालायचं लाकूडही ती पदरानं पुसून घेई. त्याच शालूबाईला आता आपण कुठं बसलो, काय केलं याचं भान राहिलं नव्हतं. मागच्या खोलीत तिला ठेवलेलं असे. मोकळी सोडली की ती नदीकडे चालू लागे, म्हणून दाराला बाहेरून कडी.

रोज सकाळी मनकर्णा पदर नाकावर गच्च बांधायची आणि ती कडी काढायची. आधी वास अंगावर यायचा. मग डोळे अंधाराला सरावले की बाकीचं दिसायचं. शालूबाई भिंतीशी बसून सारवत असायची. हात तसेच फिरायचे, जन्मभर फिरले तसे, अर्धा गोल इकडे, अर्धा गोल तिकडे. फक्त हातात शेण नसायचं. भिंतीवर, गोधडीवर, स्वतःच्या गुडघ्यांवर तिनं नीट, एकसारखे पट्टे ओढलेले असत. गालात कालची भाकर तशीच. मनकर्णा बोट घालून ती काढायची. तो चिकट, आंबलेला गोळा हाताला लागला की ती मान फिरवायची.

"कोन व बाई तुमी?" शालूबाई विचारायची. "माही पोरगी येईन आता. तिले आज उशीर झाला."

"मीच तुही पोरगी, माय. हात वर कर."

"तुमी नाई," शालूबाई म्हणायची आणि हात घट्ट दाबून धरायची.

धुणं, पुसणं, लुगडं बदलणं. गोधडी नदीवर. मग वाडीत जाऊन मेथी खुडणं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं. पण वास काही मागं राहायचा नाही. जुडी नाकाशी नेली तरी मनकर्णाला तोच यायचा. भाकरीचा तुकडा मोडताना ती आपली बोटं बघायची आणि तुकडा तसाच बैलांपुढं टाकायची. जन्म दिलेल्या आईची एवढी किळस यावी, याची तिला लाज वाटे. पण लाज वाटली म्हणून काही किळस कमी होत नव्हती. ताराचंद राखणीचं निमित्त करून वाडीतल्या झोपडीतच निजू लागला होता.

२

एका दुपारी ती वाडीतून परतली, पदर बांधला, कडी काढली आणि दारातच थांबली.

खोली स्वच्छ होती.

शालूबाई मधोमध बसली होती. हात मांडीवर, केस मागं वळवलेले, चेहरा तुकतुकीत. सकाळी मनकर्णा तिला धुऊन गेली होती हे खरं, पण दुपारपर्यंत पुन्हा तोच प्रकार व्हायचा हे ठरलेलं. आज भिंतीवर एक पट्टा नव्हता. कोपऱ्यातली जमीन ओलसर चमकत होती. तिथलं सारवण निघून खालची तांबडी माती दिसत होती, नदीतल्या दगडासारखी गुळगुळीत.

मनकर्णाला एवढं हलकं वाटलं, की ती उंबऱ्यावर खाली बसली. शेजारच्या रामबाईला दया आली असेल, असं तिनं धरलं. बाईमाणूस येऊन दोन तांबे पाणी घालून गेली असेल. सांगितलंही नाही, केवढा मोठेपणा.

तिनं पदर सोडला, तेव्हा एक वेगळा वास आला. घाणीचा नव्हता. तोंड न धुतलेलं माणूस अगदी जवळ येऊन बोललं तर येतो, तसला कोमट, आंबूस वास. शालूबाईच्या केसांना तो होता, मानेला होता. लुगड्याचा काठ ओला होता आणि त्याचे धागे निघाले होते, कुणी चघळावा तसे.

"चघळलं का व माय?" मनकर्णानं विचारलं. शालूबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

३

मनकर्णाला पोटभर जेवण जाऊ लागलं. गालांवर थोडं मांस आलं. ताराचंद म्हणाला, "आता बरी दिसून राह्यली तू." तिनं रामबाईचं नाव घेतलं, तर तो म्हणाला, "देव भलं करो तिचं."

माणूस सुखाला लगेच सरावतं. एका सकाळी मनकर्णानं कडी काढली, आत बघितलं, नाक मुरडलं आणि परत कडी लावली. दुपारी होतेच की साफ, असं मनाशी म्हणून ती तशीच वाडीत निघून गेली. दुपारी खरोखरच सगळं साफ होतं. मग ती रोजच तसं करू लागली.

नदीवर रामबाई धुणं आपटत होती. मनकर्णा तिच्याजवळ जाऊन बसली.

"रामबाई मावशी, तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"कायचे व?"

"मायचं करता ना दुपारचं."

रामबाईचा हात थांबला. "मी? बाई, खोटं काऊन बोलू? मी तं तुह्या मायच्या खोलीत पाय बी नाई टाकला. वास सहन नाई होत मले. आंगनातूनच परत येतो."

मनकर्णा हसली, मग हसायचं थांबली. घरी जाताना तिनं डोकं चालवून पाहिलं. कुत्रं असेल. कुत्र्याला घाण चालते, ते चाटून काढतं. पण कुत्र्याला कडी काढता येत नाही, आणि आत शिरलंच तर जाताना लावता तर मुळीच येत नाही. मग मायच करत असेल, दुपारी तिचं डोकं ठिकाणावर येत असेल. पण पाणी? खोलीत पाणी नव्हतं. प्यायचा तांब्यासुद्धा ती बाहेर ठेवत असे, कारण माय तो आंथरुणात ओतायची.

त्या दुपारी तिनं आईसमोर बसून विचारलं, "कोनं साफ केलं व माय तुले?"

"मनकर्णानं."

"मीच मनकर्णा ना व."

शालूबाईनं मान हलवली. "तू नाई. तू नाक दाबतं. ती नाई दाबत."

"कशानं धुते ती?"

शालूबाईनं तोंड उघडलं आणि लहान मूल वैद्याला दाखवतं तशी जीभ बाहेर काढून दाखवली.

मनकर्णा अंगणात धावली आणि आंब्याच्या बुडाशी ओकली. खाल्लेलं सगळं पडून गेलं तरी ती थुंकतच राहिली.

४

तिनं चुलीवर पाणी ठेवलं, शालूबाईला बाहेर न्हाणीत, उन्हात आणून बसवलं आणि लुगडं सोडलं. इतके दिवस तिनं आईला हात लावला नव्हता, नीट पाहिलंही नव्हतं. आता उजेडात पाहिलं.

आईला भुवया नव्हत्या. पापण्यांचे केस नव्हते. कपाळाच्या, मानेच्या सुरकुत्या कुठं गेल्या कळेना. कातडी तोंडातल्या टाळूसारखी झाली होती, गुलाबी, ओली, मऊ. बोटांच्या पेरांवरच्या रेषा पुसल्या होत्या. हातावर शालूबाईनं लहानपणी गोंदवून घेतलेलं तुळशीचं झाड होतं. मनकर्णा लहान असताना त्याच्या पानांवरून बोट फिरवत निजायची. आता तिथं हिरवट डाग होता, धुऊन विटलेल्या कापडावर राहतो तेवढा. मनकर्णानं अंगठ्यानं तो चोळला. बोटाखालून कातडी बुळबुळीत सरकली आणि तिनं हात मागं घेतला.

संध्याकाळी तिनं ताराचंदला हे सगळं सांगितलं.

"म्हातारपनी केस जातेच," तो म्हणाला. पण खोलीत जाऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं बाजारातून कुलूप आणलं. "तू दोन-चार दिवस घरीच राह्य. वाडीचं मी पाह्यतो."

ती घरी राहिली. दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसली. कुणी आलं नाही. शालूबाईनं घाण केली, भिंतीवर सारवली. मनकर्णा ओला कपडा घेऊन गेली की ती किंचाळायची, "हात नोको लावू! नोको लावू!" मग कोपऱ्यातल्या रिकाम्या कणगीकडे तोंड करून गयावया करायची, "ये व माह्या मनकर्णे. ही बाई गेली का येजो."

मनकर्णानं कणगीत हात घालून पाहिलं. धान्याची धूळ होती, बाकी काही नव्हतं. पण आतला लेप बोटांना गुळगुळीत लागला.

पुढल्या दिवशी शालूबाई कमी बोलली. तिसऱ्या दिवशी तिला पाणी या शब्दाची आठवण राहिली नाही. ती नुसती ओठ हलवायची. आणि खोलीतला वास वाढत गेला, गोधडी, भिंत, कपडा, हात. मनकर्णाला पुन्हा जेवण जाईना. वाडीत मेथी फुलावर येऊन चालली होती. चौथ्या सकाळी तिनं आईला तशीच ठेवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मेथीसाठीच चालले, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली.

दुपारी कुलूप जसंच्या तसं होतं. आत शालूबाई स्वच्छ, ओली, तृप्त बसली होती. मनकर्णानं तिला हाक मारली. शालूबाईला स्वतःचं नावही कळलं नाही.

५

बैलांचा कोठा मायच्या खोलीला लागूनच होता. मधल्या कुडाचा लेप एका ठिकाणी पडून मुठीएवढं भोक झालं होतं. दुसऱ्या दिवशी मनकर्णानं कालच्यासारखं कुलूप लावलं, मोठ्यानं "जातो व माय" म्हटलं, अंगणाबाहेर गेली आणि वळसा घालून मागून कोठ्यात शिरली. बैल वाडीत होते. कडब्यावर ती अवघडून बसून राहिली. बाहेर ऊन लखलखत होतं. लांब कुठंतरी कुणी मोट हाकत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. तिला वाटलं, आपण खुळ्यासारखं बसलो.

मग तो आवाज सुरू झाला. ओला आणि खरखरीत. थांबून थांबून. गाय नुकत्या झालेल्या वासराला चाटते तसा. क्षणभर मनकर्णाला हायसंच वाटलं, वासरू आहे म्हणून. पण घरात गाय नव्हती.

त्या आवाजाच्या मध्येमध्ये कुणीतरी बोलत होतं. शालूबाई बोलत होती. आताची ती बोबडी, चाचपडणारी शालूबाई नव्हे. ठसठशीत, खणखणीत आवाजाची, अंगणात उभी राहून दहा बायांना कामाला लावणारी.

"मनकर्णीले देवी निघाल्या, तवा लिंबाच्या पाल्यावर निजवली मी तिले. रातभर वारा घातला. खाजवते म्हनून हात धरून बसली तिचे." चाटण्याचा आवाज. "तिचा बाप आर्वीच्या बाजारातून बांगड्या घेऊन आलता. हिरव्या. एक वाटेतच फुटली. लपवून ठेवली त्यानं, पन मले दिसली." पुन्हा तो आवाज.

मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मायला आठवलं! सगळं आठवलं! तिनं घाईनं भोकाला डोळा लावला.

शालूबाई खोलीच्या मधोमध बसली होती. हनुवटी वर केलेली, मान ताणलेली. तिचं तोंड मिटलेलं होतं.

बोलणं तिच्या मागून येत होतं. तिला मागून कवेत घेऊन कुणीतरी बसलं होतं. दोन्ही बाजूंनी पुढं आलेले गुडघे दिसले, ते माणसाच्या गुडघ्यांपेक्षा बरेच उंच होते. चेहरा शालूबाईच्या गालामागं दडलेला. शालूबाईच्या छातीवरून एक हात आडवा आला होता, आणि त्या हातावर तुळशीचं झाड होतं, काल गोंदवल्यासारखं हिरवंगार, पानन् पान वेगळं. मग गालामागून जीभ आली. रुंद, करडी, माणसाच्या तोंडात मावणार नाही एवढी. हनुवटीपासून ती सावकाश वर आली, ओठांवरून, नाकावरून, आणि उघड्या डोळ्यावरून गेली. शालूबाईनं डोळा मिटलासुद्धा नाही. वासरासारखी तिनं मान अजून थोडी वर केली.

मनकर्णानं तोंडात पदर कोंबला.

चाटणं थांबलं.

"मनकर्णे," तो आवाज मायेनं म्हणाला, "भाकर खाल्ली का व?"

हे विचारायचं शालूबाई केव्हाच विसरली होती. किती दिवसांत मनकर्णाला हे कुणी विचारलं नव्हतं. पदर तोंडातून गळून पडला आणि तिला कळायच्या आत तिच्याच तोंडून निघून गेलं, "हो माय."

६

मग ती ओरडत धावली. कुलूप निघेना, तेव्हा कुऱ्हाडीनं कडीच तोडली. आत शालूबाई एकटी होती. मनकर्णानं तिला उचललं. मूल उचलावं तेवढंच वजन होतं, आणि ओलं अंग हातांतून सारखं निसटत होतं. तशीच छातीशी धरून ती वाडीपर्यंत पळत गेली.

ताराचंदनं झोपडीत बाज टाकली, घराच्या दाराला नवी कडी ठोकली. त्या दिवसापासून तिघं वाडीतच राहू लागली. मनकर्णा आईचं सगळं आपल्या हातानं करू लागली. नाकाला पदर न लावता करू लागली. किळस यायची, ती बाजूला जाऊन ओकायची आणि परत येऊन कपडा पिळायची. शालूबाई ना रडायची, ना किंचाळायची. तिच्या त्या गुळगुळीत चेहऱ्यात तिच्यासारखं काही उरलं नव्हतं. फाल्गुन लागला आणि ती गेली. शेवटची अंघोळ घालायला आलेल्या बायांनी पाणी ओतलं आणि एकमेकींकडे पाहिलं नाही. घरी जाऊन रामबाईनं आपले हात राखेनं पुन्हा पुन्हा घासले.

तेरावं झालं. ताराचंद म्हणाला, "आता घर पाडून टाकू. छपराचे कवेलू कामात येतीन, झोपडी मोठी करू." मनकर्णानं मान डोलावली. पण ती दुपारची कुठंतरी जाऊ लागली. विचारलं तर म्हणे, नदीवर. ती आता पोटभर जेवायची. रात्री तिला शांत झोप लागायची. कधी मध्येच, मेथी खुडता खुडता, ती ताराचंदला आपल्या देवीच्या तापाची गोष्ट सांगू लागे. कधी सांगता सांगता अडकायची, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची आणि म्हणायची, "माह्यापेक्षा मायले जास्त आठवते."

"आठवत होतं, म्हन," ताराचंद म्हणायचा.

चैत्रात एका दुपारी तो दोन गडी घेऊन कवेलू उतरवायला घराशी आला. दाराची कडी उघडी होती. उंबऱ्यावर मनकर्णा बसली होती, पाठ खोलीकडे, केस मोकळे सोडलेले.

"बाजूला हो व," तो म्हणाला. "शिडी लावाची हाय."

"पाडू नका जी. माय हाय आत."

गडी जागच्या जागी उभे राहिले. ताराचंद जवळ आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. तिचे हात त्यानं हातात घेतले. वाडीत राबणाऱ्या बाईचे हात, पण नखांत मातीचा कण नव्हता. कानाखाली मानेची कातडी गुलाबी होऊन चमकत होती. घाम असेल म्हणून त्यानं आपल्या उपरण्याच्या टोकानं पुसलं, आणि पुसता पुसता ते टोक त्याच्या नाकाजवळून गेलं.

तो झटकन उठला, दोन पावलं मागं गेला, आणि आंब्याला हात टेकून वाकला.

"काय झालं जी?" मनकर्णानं काळजीनं विचारलं. तिला तर कसलाच वास येत नव्हता.